ग्लोव्ह बॉक्स मोडला? आधी प्लास्टिकचं नाव वाचा

एसीचा फिल्टर बदलून गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून ग्लोव्ह बॉक्सचं झाकण एका बाजूने लोंबू लागलं, ही तक्रार छोट्या गाड्या वापरणाऱ्या कित्येक घरांत ऐकू येते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत केबिनच्या हवेचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवलेला असतो. तो काढायचा तर आधी हा कप्पा खाली पाडावा लागतो. घाईघाईत पाडताना बाजूचा एखादा स्टॉपर किंवा तळाच्या बिजागरीचं एक टोक तुटतं. गाडी पळते, एसी गार करतो, म्हणून कुणी परत गॅरेजची पायरी चढत नाही. रबर बँड, सेलोटेप, कापडाची घडी यांच्यावर दोन-तीन वर्षं निघतात. खड्ड्यातून जाताना कप्पा खडखडतो, अचानक ब्रेक लागला की झाकण शेजारी बसलेल्याच्या गुडघ्यावर आपटतं, आणि मग एका रविवारी मालक फेविक्विकची नळी घेऊन बसतो. ते सांधकाम बहुधा आठवडाभरही टिकत नाही.

ते का टिकत नाही, हे समजलं की दुरुस्ती जमते. मोडलेले बहुतेक कप्पे घरच्या घरी नीट होऊ शकतात आणि ते नीट करायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे. नखाएवढा तुकडा तुटला म्हणून अख्खी पेटी टाकून देणं मनाला पटत नाही. मात्र गोंद हातात घेण्याआधी समोरचं प्लास्टिक कोणतं आहे ते वाचावं लागतं. वाचावं लागतं असंच म्हणायला हवं, कारण त्याचं नाव त्याच्या पाठीवर छापलेलं असतं.

आधी कप्प्याची रचना पाहू. दर्शनी झाकण आणि त्याला मागे जोडलेली पेटी मिळून हा एक भाग होतो, आणि तो तळाच्या दोन बिजागऱ्यांवर पुढे-मागे झुलतो. या बिजागऱ्यांत धातूचं काही नसतं. पेटीच्या खालच्या कडेला प्लास्टिकचेच दोन अर्धगोल आकडे असतात आणि ते डॅशबोर्डच्या चौकटीतल्या आडव्या दांडीवर जाऊन बसतात. पेटीच्या दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला, एकेक स्टॉपर असतो. झाकण ठरावीक कोनापर्यंत उघडलं की स्टॉपर चौकटीला भिडतात आणि पेटी तिथे थांबते. काही गाड्यांत पेटीच्या दोन्ही भिंती हाताने आत दाबल्या की स्टॉपर सुटतात. होंडा आणि टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ही पद्धत आहे. ह्युंदाईच्या कित्येक गाड्यांत स्टॉपर म्हणजे वेगळे खुंट असतात आणि ते फिरवून बाहेर ओढायचे असतात. कोणती पद्धत आहे हे न पाहता पेटी जोर लावून खाली ओढली, की काहीतरी मोडतंच. झाकणाच्या वरच्या कडेला हँडल असतं, त्याच्या मागे स्प्रिंगवर चालणारी जीभ, आणि ती जीभ जिथे अडकते तो चौकटीवरचा आकडा.

अनेक गाड्यांत एका बाजूला डॅम्परही बसवलेला असतो. झाकण धाडकन न पडता सावकाश उतरतं ते याच्यामुळे. एका प्रकारात नळीतला दट्ट्या हवा एका बारीक छिद्रातून बाहेर ढकलतो, आणि हवेला त्या छिद्रातून जायला वेळ लागतो तितकाच वेळ झाकणाला लागतो. दुसऱ्या प्रकारात एक छोटं दातेरी चाक घट्ट सिलिकॉन तेलात फिरतं. तेल गळून गेलं किंवा दट्ट्याची दोरी तुटली, तर झाकण स्टॉपरवर आदळायला लागतं आणि मग स्टॉपर फार दिवस तग धरत नाहीत. म्हणून स्टॉपर तुटलेला दिसला की डॅम्परही तपासावा. नाहीतर नवा स्टॉपर त्याच कारणाने परत तुटेल.

जोराचा हिशेब तरफेच्या नियमाने करता येतो. समजा, बिजागरीपासून झाकणाची वरची कड ३० सेंटीमीटरवर आहे आणि स्टॉपर १० सेंटीमीटरवर. उघड्या झाकणाच्या कडेवर एखाद्या मुलाने हाताचा नुसता ५ किलोचा भार टाकला, तर स्टॉपरपाशी तो १५ किलोंचा होतो. दोन्ही स्टॉपर शाबूत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात किलो येतात. एक तुटलेला असेल तर सगळा भार उरलेल्यावर जातो, शिवाय पेटी पिळवटते आणि तो पीळ तळाच्या बिजागरीवर उतरतो. एका बाजूचा स्टॉपर गेल्यावर काही महिन्यांनी बिजागरीही जाते, ती यामुळे. उघड्या झाकणावर चहाचा कप आणि वडापावची पुडी ठेवायची सवय अनेकांना आहे; तेवढं वजन झाकण सोसतं, पण त्यावर कोपर टेकलं की हा हिशेब सुरू होतो.

हा कप्पा मुळात हलक्या वस्तूंसाठीच होता. मोटारी उघड्या असत, हातमोजे घालून चालवाव्या लागत, त्या काळात म्हणजे १९०९ मध्ये, डोरोथी लेव्हिट या इंग्लिश शर्यतपटूने स्त्रियांसाठी मोटार चालवण्यावर एक पुस्तक लिहिलं. सीटखालच्या छोट्या खणात हातमोजे, स्वच्छ रुमाल आणि हातआरसा ठेवावा, असं तिने त्यात सुचवलं. आरसा उंच धरला की मागून येणारी वाहनं दिसतात, हेही तिने सांगून ठेवलं होतं आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पुढे हा खण डॅशबोर्डमध्ये आला. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममध्ये तर ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर चुंबकाने चिकटून राहणारे पेले दिलेले होते. आपण त्यात मॅन्युअल, सर्व्हिस बुक, विम्याची मागच्या पाच वर्षांची कागदपत्रं, हवा मोजायचं मीटर, बडीशेपेची डबी आणि एक लिटर पाण्याची बाटली कोंबतो. कागदांचं ओझं तरी आता टाळता येतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्येच डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली कागदपत्रं मूळ कागदांप्रमाणे ग्राह्य धरायला राज्यांना सांगितलेलं आहे.

आता मुख्य मुद्दा. पेटी काढून उलटी करा आणि टॉर्चच्या तिरप्या उजेडात तिची पाठ बघा. साच्यातूनच उमटलेली उठावाची अक्षरं दिसतील: दोन टोकदार कंसांच्या मध्ये रोमन लिपीत पीपी, एबीएस, पीसी अधिक एबीएस किंवा पीओएम यांपैकी काहीतरी. प्लास्टिकच्या भागांवर अशी खूण कशी करावी, हे आयएसओ ११४६९ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेलं आहे. ती खूण पुनर्वापरासाठी प्लास्टिक वेगळं करणाऱ्यांसाठी आहे, पण दुरुस्ती करणाऱ्याला तिच्याइतकी उपयोगी माहिती दुसरी कुठलीच नाही. कधी पीपीच्या पुढे टीडी २० असं दिसतं. त्याचा अर्थ, या पॉलिप्रॉपिलीनमध्ये वजनाने २० टक्के संगजिऱ्याची पूड मिसळलेली आहे. त्यामुळे भाग ताठ राहतो आणि उष्णतेने कमी वाकतो.

छोट्या गाड्यांच्या कप्प्यांत पीपी खूप आढळतं. पॉलिप्रॉपिलीनचं हे घट्ट, स्फटिकी रूप इटलीच्या जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये तयार केलं, आणि १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल त्सिग्लर यांच्याबरोबर मिळालं. स्वस्त, हलकं, तेल-आम्लांना न जुमानणारं हे प्लास्टिक. पण त्याच्या रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. गोंदाच्या रेणूंना धरून राहायला लागतं तसं विद्युतभारित टोक त्याच्या पृष्ठभागावर नसतंच. गोंद त्यावर नीट पसरत नाही, आणि वाळल्यावर पापुद्र्यासारखा निघून येतो. स्वयंपाकघरातल्या ज्या डब्यांच्या बुडाला त्रिकोणात ५ हा आकडा असतो ते डबे याच प्लास्टिकचे.

एबीएस अगदी उलट स्वभावाचं. लेगोचे ठोकळे १९६३ पासून त्याचेच बनतात. त्याला गोंद धरतो, रंग धरतो, आणि ॲसिटोनमध्ये ते चक्क विरघळतं. मागची खूण सापडली नाही किंवा घासून गेली असेल, तर हाच गुण कामाला येतो. कापसाच्या काडीवर नेलपॉलिश रिमूव्हर घ्या (त्यात ॲसिटोन असल्याची खात्री करा) आणि दिसणार नाही अशा जागी क्षणभर टेकवा. एबीएस असेल तर जागा चिकट होते आणि चकाकी जाते. पीपीवर काहीच होत नाही. पाण्यात टाकून बघण्याची युक्ती काही जण सांगतात, कारण शुद्ध पीपी पाण्यावर तरंगतं आणि एबीएस बुडतं. पण संगजिरं मिसळलेलं पीपीही बुडतं, त्यामुळे गाडीच्या भागांना ही परीक्षा लावू नये.

एबीएसची पेटी असेल तर तुमचं काम सोपं आहे. तुटलेल्या दोन्ही कडांना ब्रशने ॲसिटोन लावून त्या मऊ होऊ द्यायच्या, घट्ट दाबून धरायच्या आणि चोवीस तास हात लावायचा नाही. ॲसिटोन उडून जातं आणि दोन्ही कडांचं प्लास्टिक एकमेकांत मिसळून एकजीव होतं. यात तिसरा पदार्थ उरतच नाही, म्हणून हा सांधा गोंदाच्या सांध्यापेक्षा मजबूत ठरतो. चिरेत फट राहिली असेल तर एबीएसचाच कीस, मग तो जुन्या कीबोर्डच्या कवचाचा असो की तुटक्या लेगोचा, थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याची लापशी भरता येते. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको. ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. पुढच्या दर्शनी बाजूवर थेंब पडू देऊ नका, डाग कायमचा राहतो.

फेविक्विकसारखे गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांच्या गटाला बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक हवं होतं, तेव्हा हा पदार्थ हाती आला आणि सगळ्यालाच चिकटतो म्हणून बाजूला टाकला गेला. १९५८ मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. हवेतल्या ओलाव्याने तो घट्ट होतो. सरळ ओढलं तर त्याचा सांधा भरपूर जोर सहन करतो, पण तो ठिसूळ असतो, आणि धक्का बसला किंवा कडेपासून उचकटलं की सुटतो. ग्लोव्ह बॉक्सच्या बिजागरीवर नेमका धक्क्याचा आणि उचकटणारा जोर येतो. त्यात पेटी पीपीची असेल तर तो धरण्याची आशाच नाही. पीपीसाठी वेगळा प्रायमर मिळतो. तो आधी लावला तर सायनोॲक्रिलेट बरंच बरं धरतं. कारखान्यात पीपीचे बंपर रंगवण्याआधी त्यावरून ज्योत फिरवतात. तिच्या उष्णतेने पृष्ठभागावर ऑक्सिजनचे अणू जोडले जातात आणि मग रंग धरतो. घरी मात्र हा प्रयोग लायटरने करण्याच्या फंदात पडू नये, पातळ भाग क्षणात वाकडा होतो.

गोंदाचा दुसरा शत्रू ऊन. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांत केबिनची हवा सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग सरासरी ६९ अंशांवर गेला होता. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. ग्लोव्ह बॉक्स डॅशबोर्डच्या खाली, सावलीत असतो, म्हणून तो इतका तापत नाही. तरी पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी किंवा ग्लू गनची कांडी मऊ पडायला तिथली उष्णता पुरेशी आहे. इपॉक्सी वापरायचंच असेल तर रात्रभर सुकणारं घ्यावं, कडा पॉलिश पेपरने चांगल्या खरवडाव्यात आणि तेही एबीएसवर. याच उष्णतेमुळे कप्प्यात लायटर, डिओडरंटचा डबा, पॉवर बँक आणि औषधं ठेवू नयेत.

पीपीला जोडायचा खात्रीचा मार्ग म्हणजे उष्णता आणि धातू. इथे थोडं थांबून सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण बहुतेक वाचकांच्या गाडीत हीच पेटी निघेल. पेटीच्या भिंतीला तडा गेला असेल तर सर्वांत आधी तड्याचं टोक शोधा. वाकवलेल्या जागी प्लास्टिकवर पांढुरकी रेघ उमटलेली असते. आतल्या आत सूक्ष्म फटी पडल्याची ती खूण. डोळ्यांना दिसणारा तडा संपतो त्याच्या थोडी पुढेपर्यंत ही रेघ जाते. तिच्या टोकावर २ मिलिमीटरचं भोक पाडा. १९१३ मध्ये इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने गणिताने दाखवून दिलं, की फट जितकी टोकदार तितका तिच्या टोकाशी ताण जास्त एकवटतो. टोक सुईसारखं असेल तर तो कितीतरी पट होतो, गोल भोकाशी मात्र फार तर तिपटीवर थांबतो. त्यामुळे एवढ्याशा भोकाने तडा पुढे सरकायचा थांबतो.

मग चहाच्या स्टीलच्या गाळणीची जाळी बोटभर रुंदीची कापून घ्या. मागच्या बाजूने, तड्यावर आडवी ठेवा आणि सोल्डरिंग आयर्नच्या चपट्या टोकाने हळूहळू आत दाबा. प्लास्टिक वितळून जाळीच्या छिद्रांतून वर येतं. भिंतीची जाडी साधारण अडीच मिलिमीटर धरली तर निम्म्या जाडीच्या पुढे जाऊ नका, नाहीतर दर्शनी बाजूवर फुगवटा येईल. जाळी झाकण्यासाठी वरून पट्टी भरायची ती त्याच प्लास्टिकची, म्हणजे ५ आकड्याच्या डब्यातून कापलेली. केबल टाय वापरू नका. तो नायलॉनचा असतो आणि पीपीत मिसळत नाही. खोलीत वारा खेळता हवा. धूर निघू लागला तर आयर्न जास्त तापलं आहे असं समजावं.

बिजागरीचा आकडा तुटला असेल आणि तुकडा सापडला असेल, तर सायकलच्या स्पोकइतकी चांगली वस्तू नाही. साधा स्पोक २ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला आटे असतात. आट्यांकडचे दीड-दीड सेंटीमीटरचे दोन तुकडे कापा. तुटलेल्या दोन्ही कडांत समोरासमोर किंचित बारीक भोकं पाडा. स्पोकचा तुकडा पकडीत धरून तापवा आणि अर्धा एका बाजूत, मग उरलेला अर्धा दुसऱ्या बाजूत दाबा. आट्यांच्या खाचांत वितळलेलं प्लास्टिक जाऊन थिजतं आणि धातू निसटत नाही. वरची रेघ आयर्नने एकसारखी केली की झालं. तुकडा हरवला असेल तर ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून ती ३ मिलिमीटरच्या नट-बोल्टने, दोन्ही बाजूंना वॉशर घालून बसवावी लागते. त्यात एकच गोष्ट अवघड: नव्या बिजागरीचा मध्य शाबूत बिजागरीच्या अगदी सरळ रेषेत यायला हवा. पुठ्ठ्यावर शाबूत बाजूचा साचा काढून तो उलटवून दुसऱ्या बाजूला लावला तर चूक होत नाही. दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी झाकण तिरकं बसतं आणि कुलूप लागत नाही.

हे सगळं करताना पेटी गाडीबाहेर असली पाहिजे. डॅशबोर्डमध्ये बसवलेल्या पेटीला ड्रिल लावणं मला अजिबात मान्य नाही. तिच्या मागे एसीचा पंखा, वायरींचा जुडगा आणि कधी एसीचं बाष्पकही असतं. वर एअरबॅग असते. भारतात १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली, आणि ती बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या वरच्या भागात असते. काही गाड्यांत गुडघ्यांसाठीची एअरबॅग खालच्या झाकणामागे असते. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की तिथे हात घालू नये. पेटी काढायला डॅशबोर्डचा मोठा भाग सोडवावा लागणार असेल, तर बॅटरीची ऋण तार काढून मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबावं, आणि तेवढा अनुभव नसेल तर ते काम मेकॅनिकवर सोपवावं.

कुलपाची गोष्ट थोडी वेगळी. झाकण मिटत नाही म्हणून लोक कुलूप बदलायला धावतात, पण बऱ्याचदा जीभ आणि आकडा समोरासमोर येत नसतात, एवढंच. चौकटीवरच्या आकड्याचे स्क्रू अनेक गाड्यांत लांबट भोकांत बसवलेले असतात. ते किंचित सैल करून आकडा मिलिमीटरभर सरकवला आणि परत आवळला की जीभ टक् आवाज करून बसते. आतली स्प्रिंग खाचेतून सुटलेली असेल तर चिमट्याने परत अडकवता येते. जीभ आणि दातेरी चाकं बहुधा पीओएमची असतात, हाताला गुळगुळीत, पांढरी किंवा काळी. त्यांना ना गोंद धरतो ना ती वितळवून जोडायची. जास्त तापलं तर त्यातून फॉर्मल्डिहाइड निघतो. ती बदलायचीच. वंगण घालायचं ते सिलिकॉन ग्रीसचं. एबीएसवर आणि पीसीवर भलतं तेल किंवा स्प्रे पडला तर ताण असलेल्या जागी काही दिवसांत आपोआप बारीक तडे जातात.

कुलूप चालत नाही म्हणून चुंबक किंवा वेल्क्रो लावणं हा उपाय मी कुणालाही सुचवणार नाही. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा नियम क्रमांक २०१ मध्ये डॅशबोर्डच्या कप्प्यांची झाकणं टक्कर झाली तरी मिटलेलीच राहिली पाहिजेत, असं वेगळं कलम आहे. ते यासाठी, की पुढच्या प्रवाशाचे गुडघे बरोबर त्या झाकणासमोर असतात. उघडं झाकण म्हणजे त्या गुडघ्यांसमोरची कड, आणि आतला टायर गेज किंवा पान्हा म्हणजे उडणारी वस्तू. दुरुस्ती झाल्यावर कप्प्यात नेहमीचं सामान भरून झाकणावर तळहाताने दोन-चार ठोसे मारा. कुलूप सुटलं तर दुरुस्ती झालेली नाही असं समजा.

कधी पेटी खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेलेली असते. अशा वेळी भंगारात निघालेल्या गाडीची पेटी शोधावी. पुण्यात नाना पेठेत आणि बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर असे भाग मिळतात. मॉडेलबरोबर वर्ष आणि रंगही जुळवून घ्या. बेज रंगाच्या तीन-तीन छटा असतात. परदेशी संकेतस्थळावरून मागवत असाल तर गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे आहे हे तपासा. आपल्यासारखीच उजव्या स्टिअरिंगची गाडी ब्रिटन, जपान, थायलंड आणि ऑस्ट्रेलियात चालते, पण अमेरिकेतली पेटी आपल्या डॅशबोर्डात बसणार नाही. स्टॉपर किंवा हँडल थ्री-डी प्रिंटरवर छापून घेणारेही आता खूप आहेत. त्यांना एक सांगायचं, की पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. एएसए किंवा एबीएसमध्ये छापून द्यायला सांगा.

आणि गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच करू नका. आधी वॉरंटीची पुस्तिका वाचा आणि सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या. फिल्टर बदलताना तुटलं असेल तर ती जबाबदारी काम करणाऱ्याची आहे.

काउंटरवर बहुधा ऐकू येतं, "सुटा भाग येत नाही, अख्खी असेंब्ली घ्या." कधी ते खरं असतं, कधी समोरच्याने नीट शोधलेलं नसतं. तेव्हा कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमधलं त्या पानाचं चित्र दाखवायला सांगा. स्टॉपर, डॅम्पर आणि कुलूप यांना अनेक मॉडेलांत स्वतंत्र पार्ट नंबर असतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, आणि त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारगाड्यांचाही समावेश आहे. आपल्या गाडीच्या कंपनीने सुट्या भागांची, दुरुस्तीची काय माहिती दिली आहे ते तिथे बघा. भाग खरंच मिळत नसेल तर तसं कंपनीला लिहून कळवा. ग्राहक मागत राहिले तरच हे छोटे भाग सुटे विकले जातील.